थरथरत्या हाताची केमिस्ट्री

जुई घाडीला सरळ रेघ काढता येत नव्हती, आणि ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करत होती.

पोहता न येणाऱ्यानं होडी घेऊन मासेमारीला जावं, तशातली ही गत. ऑरगॅनिकचा पेपर म्हणजे निम्मं चित्रकलेचंच काम. सहा कार्बनची रिंग म्हणजे षटकोन. एक रेघ म्हणजे एक बॉण्ड, दोन समांतर रेघा म्हणजे दुहेरी बॉण्ड. रेघ पाचरीसारखी जाड होत गेली, तर तो अणू कागदातून आपल्याकडे येतोय असं समजायचं. तुटक असली तर मागे जातोय. एवढ्याशा फरकानं रेणू उजव्याचा डावा होतो. जुईच्या कागदावर मात्र बॉण्ड कुठला आणि हाताचं थरथरणं कुठलं, हे तपासणाऱ्याला कळत नसे. दोन रेघा एकमेकींवर चढत, पाचरीचा नुसता डाग होई.

हात जन्मापासून असा नव्हता. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये ॲसिड भरताना बाटलीचं तोंड फनेलवर टकटक वाजायला लागलं, तेव्हा मैत्रिणींना वाटलं पोरगी घाबरली. जुईलाही तसंच वाटलं. पण मग कॉलेजात आल्यावर, काही भीती नसताना, घरी वरणाची वाटी तोंडाशी नेतानाही हात हलायला लागला. अक्षर बिघडत गेलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ऑरगॅनिकच्या पेपरात एटीकेटी लागली, म्हणजे वर्ष पुढे सरकलं पण तो पेपर पुन्हा द्यायचा. तिनं उत्तरपत्रिका पाहायला मागितली. पानापानावर लाल पेनानं प्रश्नचिन्हं होती. उत्तरं चुकली असं कुणी लिहिलंच नव्हतं, वाचता आली नाहीत एवढंच लिहिलं होतं.

लतिका, म्हणजे जुईची आई, लालबागच्या मसाल्याच्या दुकानात कामाला. मिरच्यांचे देठ खुडण्यापासून ते गिऱ्हाइकाला मालवणी मसाल्याचं प्रमाण सांगण्यापर्यंत सगळं करणारी. तिनं एका सकाळी सुट्टी टाकली आणि लेकीला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरांनी जुईपुढे कोरा कागद ठेवला आणि मधून सुरू करून बाहेर गोल गोल रेघ काढायला सांगितली. जुईनं काढली. उन्हात वाळलेल्या कुरडईसारखं काहीतरी दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाचा हात असा आहे का? लतिका म्हणाली, सासऱ्यांचा.

जुईचे आजोबा, अप्पा घाडी, एका गिरणीत विणकर होते. तुटलेला धागा पटकन गाठ मारून जोडायचं काम, आणि बोटं ऐकेनात. मग त्यांना मागावरून काढून गोदामात टाकलं. हात थरथरतो म्हणजे माणूस पितो, असा सगळ्यांचा समज. आता म्हातारपणी ते दोन्ही हातांनी बशी धरून चहा पीत. जुईनं हॉस्पिटलातून आल्यावर त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

"लोक माका बेवडो म्हणत," ते म्हणाले. "मी कधी थेंबसुद्धा घेवक नाय. पण सांगतलंय कोणाक? माका उपाय गावलो नाय. तुका गावता काय बघ."

उपाय डॉक्टरांकडेही पुरता नव्हता. रक्तातून आलेला कंप, त्यानं जिवाला धोका नाही, गोळीनं थोडा उतरेल, जायचा मात्र नाही. गोळीनं हात जरा निवायचा, पण डोळ्यांवर झापड यायची आणि वर्गात काही कळायचं नाही. घरात चर्चा सुरू झाली. मावशीनं कॉमर्सला जा म्हटलं. वडील हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते, कमी बोलायचे. त्यांनीही बँकेच्या परीक्षांचा विषय काढून पाहिला. जुईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"मला केमिस्ट्री येते," ती म्हणाली. "काढता येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

ते बोलणं तिथंच मिटलं.

त्या सुट्टीत तिनं मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. रेणूंची चित्रं काढायची ॲप असतात, हे तिला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. पहिलं उतरवलं, त्यात दर मिनिटाला रिंगवर जाहिरात येऊन बसायची. दुसऱ्यात काढलेलं चित्र जपूनच ठेवता येईना. फोन आला की सगळं पुसलेलं. तिसरं साधं होतं, काळ्यापांढऱ्या रंगाचं, कुण्या परदेशी विद्यार्थ्यानं स्वतःसाठी बनवल्यासारखं. बोट टेकवलं की अणू. बोट ओढलं की बॉण्ड. आणि बोट वाटेत कितीही डगमगलं तरी ॲप ती रेघ उचलून योग्य कोनात सरळ बसवायचं. बोट कुठून निघालं आणि कुठे पोचलं, एवढंच त्याला हवं असे. मधल्या थरथरीशी त्याला देणंघेणं नव्हतं.

जुईनं पहिल्यांदा काढला तो मिरचीतल्या तिखटाचा रेणू. चुकत, पुसत, परत काढत. पुरा झाल्यावर ती बराच वेळ नुसती बघत राहिली. दोन वर्षांत स्वतःच्या हातचं स्ट्रक्चर तिनं असं स्वच्छ पाहिलं नव्हतं. संध्याकाळी आई दुकानातून आली, अंगाला मिरचीचा उग्र वास तसाच, तर जुईनं फोन तिच्यापुढे धरला. ही मिरची, म्हणाली. हे डोकं, हा मधला नायट्रोजन, आणि ही मागची लांब शेपटी.

लतिकानं चष्मा लावून पाहिलं. "एवढी शेपटी असा म्हणानच झोंबता," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

मग जुई सुटलीच. पाठ्यपुस्तकातला धडा न् धडा तिनं फोनवर उतरवून काढला. बोट मोठं आणि पडदा लहान, त्यामुळे शेजारचाच अणू दाबला जायचा. तर चित्र आधी मोठं करायचं, मनगट खाली टेकवायचं आणि मगच बोट ठेवायचं, असा तिनं स्वतःचा रिवाज बसवला. डाव्या हातानं फोन धरला तर तोही हलायचा, म्हणून फोन पाटावर ठेवायची. ॲपला खोडीही होत्या. रेणू फिरवला की पाचर कधीकधी उलटी पडायची, आणि हे ज्याला कळत नाही त्याचं उत्तर गुपचूप चुकायचं. कार्बनला चारच बॉण्ड जमतात, पाचवा दिला की तो अणू लाल व्हायचा. सुरुवातीला तिला हा लाल रंग आवडला. पुढे त्याच लाल रंगानं तिला गोत्यात आणलं.

तिसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक शिकवायला तळपदे सर होते. मनमोहन तळपदे, गिरगावातलं जुनं प्रभू घराणं, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. रंगीत खडूंनी फळ्यावर रेणू काढायचे तर मुलं पुसायच्या आधी फोटो घेत. स्ट्रक्चर हातातून डोक्यात जातं, हे त्यांचं ठाम मत. वर्षाच्या पहिल्या तासालाच ते ऐकवायचे. जुईनं तिचं जर्नल झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेल्या चित्रांसह दिलं, ते त्यांनी तसंच परत केलं.

त्यांच्या रागाला कारणही होतं. वर्गातल्या राजस नावाच्या मुलानं आणि त्याच्या दोघा मित्रांनी एका ॲपमध्ये नुसतं रेणूचं नाव टाइप केलं होतं, आपोआप आलेलं चित्र छापलं होतं आणि तिघांनी तेच चिकटवलं होतं. तिघांचीही चूक एकाच जागी. सर जुईला म्हणाले, हे तुझं नाही, मोबाइलचं आहे. कार्बन चुकला तर तो तुला लाल दिवा दाखवतो. मग मी परीक्षा कुणाची घ्यायची?

जुईनं हाताचं सांगितलं, डॉक्टरांचा कागदही दाखवला. सरांनी तो नीट वाचला. ते दुष्ट नव्हते. त्यांनी सांगितलं, नियमात लेखनिक बसतो, तू सांग, तो लिहील. त्यांच्या लेखी प्रश्न सुटला होता.

लेखनिक विषय न शिकलेला हवा, म्हणून चाचणी परीक्षेला कॉमर्सची आकांक्षा मिळाली. मनानं चांगली, अक्षर मोत्यासारखं. त्या दोघींना एका रिकाम्या खोलीत बसवलं आणि जुई तोंडानं रेणू सांगू लागली.

"षटकोन काढ. वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक रेघ बाहेर."

"किती लांब?"

"षटकोनाच्या बाजूएवढीच. आता तिच्या टोकाला पाचर. इकडे बारीक, पुढे जाड, आत काळी भरलेली."

आकांक्षानं पेन थांबवलं. "समोशासारखी?"

"हो. बारीक समोसा."

दोघींना हसू आलं, पण घड्याळ काही हसत नव्हतं. एका रिंगला पंधरा वाक्यं लागत. इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारा बाण या रेघेच्या मध्यापासून त्या अणूपर्यंत वाकवायचा, तर रेघ कुठली आणि अणू कुठला हेच सांगण्यात प्रश्न संपे. वेळ झाली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यामुळे तुझं राहिलं, म्हणाली. जुईनं तिला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि समजावलं, की तुझ्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं.

तिला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. घरी येताना दादरच्या फुलबाजारापासून लालबागपर्यंत ती चालत आली आणि चालता चालता सरांचं बोलणं पुन्हा पुन्हा तपासत राहिली. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की सर चुकीचं बोलत नाहीयेत. ॲप खरंच मदत करतं. तिला हवी होती फक्त हाताची मदत आणि ॲप तर डोक्याचीही करत होतं. मग या दोन मदती वेगळ्या करायच्या. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

ॲपच्या सेटिंगमध्ये शोधलं, तर रेघ सरळ करणं आणि चूक लाल करणं यांचं बटण एकच होतं. एक बंद केलं की दुसरंही बंद. तिनं ॲप बनवणाऱ्याला ईमेल केला, मोडक्यातोडक्या नाही, नीट इंग्रजीत, दोनदा तपासून. मला अडाणी ॲप हवं आहे, असं लिहिलं. केमिस्ट्री न येणारं, फक्त सरळ रेघ येणारं. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं, या वेळी आपल्या हाताची रेघ आणि ॲपची रेघ शेजारी शेजारी जोडून. मग त्या अनोळखी माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं, की असं कुणी मागेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत दोन वेगळी बटणं आली.

दिवाळीची सुट्टी लागली होती. तिनं तळपदे सरांना फोन केला. घरी येऊन मार्क वाढत नाहीत, सर म्हणाले. मार्क नकोत सर, अर्धा तास हवा, जुई म्हणाली. मग त्यांनी पत्ता सांगितला.

खोताच्या वाडीपासून जवळच, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहायचे. दार सरांच्या पत्नी उर्मिलाबाईंनी उघडलं. त्यांनी जुईला काही न विचारता आधी बसवलं आणि कोबी-कोळंबीचं भानोलं, प्रभूंच्या घरची खमंग भाजलेली वडी, पुढे ठेवलं. जुईनं ते हातानं न खाता चमच्यानं खायचा प्रयत्न केला, चमचा बशीवर वाजला. उर्मिलाबाई म्हणाल्या, हातानंच खा गं, घरचीच आहेस. सर समोरून हे सगळं बघत होते.

मग जुईनं फोन टीपॉयवर ठेवला. नेट सरांनी स्वतः बंद केलं. लाल रंगाचं बटण कुठलं ते विचारून तेही स्वतःच बंद केलं. मग त्यांनी सांगितलं, कार्व्होन काढ, पुदिन्याच्या वासाचा. जुईनं मनगट टेकवून काढला. आता त्याचा आरशातला जुळा, शहाजिऱ्याच्या वासाचा. तिनं पाचरीची तुटक रेघ केली. सर पुढच्या प्रश्नाकडे वळले. दोन मोठ्या अभिक्रिया बाणांसकट करून घेतल्या, एकीत ती अडली, खोडून परत केली. मग ते पुढे वाकले.

"आता चूक काढ."

जुईला कळेना.

"पाच बॉण्डचा कार्बन काढ. बघू दे, हे तुला थांबवतं का."

तिनं काढला. पाच हातांचा तो अशक्य कार्बन पडद्यावर व्यवस्थित सरळ रेघांत बसला. ॲपनं हूं की चूं केलं नाही. सरांनी चष्मा काढला, फोन हातात घेऊन जवळून पाहिलं.

"म्हणजे याला काहीच येत नाही."

"नाही सर. याला फक्त सरळ रेघ येते. बाकीचं मलाच यावं लागतं."

सरांनी स्वतः एक रिंग काढून पाहिली. ती भलतीकडेच गेली आणि उर्मिलाबाई हसल्या. सवय लागते सर, जुई म्हणाली, मला महिना लागला. सरांनी फोन टीपॉयवर परत ठेवला. मग म्हणाले, हातानं काढल्यानं डोक्यात जातं, हे मी अजूनही मानतो. मीही मानते, जुई म्हणाली. मी हातानंच काढते.

पुढचं काम सोपं नव्हतं. परीक्षा विभाग म्हणाला, मोबाइल वर्गात चालत नाही. सर म्हणाले, मग कॉलेजचा टॅबलेट द्या. विभाग म्हणाला, उद्या सगळेच मागतील. सर म्हणाले, ज्यांचे हात हलतात त्यांना द्या. त्यांनी या प्रकरणात किती जणांशी वाद घातला ते जुईला पुढे इतर शिक्षकांकडून कळलं. सर स्वतः तिला एवढंच सांगत, अभ्यास कर. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात परवानगी आली. वेगळी खोली, समोर पर्यवेक्षक, नेट बंद, जादा वेळ, आणि छापलेल्या प्रत्येक पानावर सही.

पेपर निम्मा झाला असेल. जुई एका लांबलचक प्रश्नाच्या शेवटच्या पायरीवर होती आणि टॅबलेट काळा झाला. जुनाच होता तो. परत सुरू केला तेव्हा तो आख्खा प्रश्न गेलेला. पर्यवेक्षक बाई तिच्यापेक्षा जास्त घाबरल्या, कुणाला बोलवू का म्हणू लागल्या. घाबरलं की कंप वाढतो, हे जुईला ठाऊक होतं. बोट पडद्यावर ठरेनाच. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसेच राहू दिले. बाईंना वाटलं मुलीनं पेपर सोडला. जुई त्या वेळात डोक्यातल्या डोक्यात पहिल्यापासून एकेक पायरी काढत होती. मग तिनं मनगट टेकवलं आणि सगळं पुन्हा काढलं, या वेळी दर पायरीला जपून ठेवत. शेवटच्या प्रश्नाचा एक भाग राहिला तो राहिलाच.

एटीकेटीचा पेपर निघाला आणि पाचव्या सेमिस्टरचाही. गुण फार मोठे नव्हते. तिनं पुन्हा उत्तरपत्रिका पाहायला मागितली, तेव्हा क्लार्कला नवल वाटलं. पास झालेलं कुणी मागत नाही. एका उत्तराला तळपदे सरांनी अर्धे गुण कापले होते आणि समासात लिहिलं होतं, बाण चुकीच्या अणूपासून निघाला आहे. जुईनं पाहिलं. खरंच तो शेजारच्या अणूपासून निघायला हवा होता. ती तिथंच उभी राहून हसली. कितीतरी काळानंतर कुणीतरी तिची केमिस्ट्री चुकल्याबद्दल गुण कापले होते.

अप्पांना तिनं निकाल सांगितला. त्यांना पेपरांतलं काही कळत नव्हतं, पण हात हलत असताना दिलास का, एवढं त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग खालच्या मजल्यावरच्या, गिरणीतल्या जुन्या जोडीदाराकडे जाऊन, नातीचा हात माझ्यासारखाच आहे, असं सांगून आले. हाताविषयी त्यांनी बाहेरच्या माणसाशी आपणहून बोलण्याची लतिकाच्या आठवणीतली ती पहिलीच वेळ.

जुई आता एम.एस्सी.ला आहे. स्ट्रक्चरची अडचण जवळपास मिटली; दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांनी, एकाचा अंगठा मोडलेला आणि एकीला संधिवात, तेच ॲप आणि तीच परवानगी घेतली आहे. पण प्रयोगशाळेत ॲप चालत नाही. तिथं मिश्रणातले घटक वेगळे करायला केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीनं पट्टीवर द्रावणाचा ठिपका ठेवायचा असतो, आणि ठिपका सरकला की प्रयोग वाया. जुईनं विभागाकडे हात टेकवायचा स्टँड मागितला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. तिनं पुन्हा मागितला आहे. तोवर वडिलांनी रे रोडच्या वखारीतून सागाचा एक ठोकळा आणून त्याला मनगटाच्या मापाची खाच पाडून दिली. ठोकळ्यावर हात टेकवला की बहुतेक ठिपके जागेवर पडतात. काही पडत नाहीत. तेव्हा जुई ती पट्टी टाकून देते आणि दुसरी घेते.